दोन स्ट्रिपांचं भांडण सोडवणाऱ्या मेडिकलवाल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

गोखले रोडच्या मागच्या गल्लीत तुमच्या मेडिकलला मी दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला येतो. निळी कापडी पिशवी, "तेच नेहमीचं" म्हणणारा. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. काउंटरवर चार शब्द नीट बोलता येत नाहीत, म्हणून हे पत्र. आणि उघडं लिहितोय ते अशासाठी, की माझ्यासारखे अर्धवट वाचून गोळ्या बंद करणारे नौपाड्यात आणखीही असणार.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता, दुकानात ही गर्दी. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा काढून तुम्ही थांबलात. "काका, अमलोडिपिन? मागच्या महिन्यातही नेली नाहीत."
"बंद केली."
"कुठल्या डॉक्टरांनी?"
"मीच."

एरवी कोणी ओरडलं असतं, नाहीतर गुपचूप बिल केलं असतं. तुम्ही विचारलंत, का?

मी मोबाइलवर वाचलं होतं, की अमलोडिपिन, म्हणजे माझी बीपीची गोळी, कॅल्शियमच्या वाटा अडवते. आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडतं तेही कॅल्शियमच्या वाटेनेच. म्हणजे साखरेची गोळी दार उघडतेय आणि बीपीची गोळी त्याच दाराला खीळ घालतेय! एकाच डबीत दोन वैरी कशाला ठेवायचे?

"तुमचा तर्क चुकीचा नाही, काका. डोसचा हिशेब राहिला," हे तुमचं वाक्य मी विसरणार नाही. मागच्या माणसाला "पाच मिनिटं हं" म्हणून तुम्ही औषधाच्या कागदी पिशवीवर पेनाने एक गोल काढलात.

ती बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी पेशी. साखर आत जाते, जळते, त्यातून ऊर्जा तयार होते. ती वाढली की पोटॅशियमचं दार बंद होतं. ते बंद झालं की पेशीच्या आतला व्होल्टेज, जो एरवी उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास असतो, तो शून्याकडे सरकायला लागतो. कॅल्शियमचं दार या व्होल्टेजवरच चालतं. ते उघडतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या इन्सुलिनच्या पुड्या बाहेर रिकाम्या होतात.

ताई, मी वागळे इस्टेटमध्ये पॅनेल वायरिंगला आयुष्य घातलं. तुम्ही काढलंत ते साधं रिले सर्किट होतं! रिले म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारा स्विच; एक रिले पडला की दुसरा उचलतो. घोटाळा एवढाच, की आमच्यात कॉन्टॅक्ट ओपन म्हणजे करंट बंद, आणि तुमच्यात दार ओपन म्हणजे करंट चालू. पहिली दोन मिनिटं मी उलटाच समजत होतो. (घरी येऊन आणखी वाचलं. साखर वाढली की पोटॅशियमचं ते दार बंद होतं, हे ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी 1984 साली दाखवलं. त्याच साली मी कामाला लागलो होतो. चाळीस वर्षं असली वायरिंग पोटात घेऊन फिरत होतो आणि पत्ता नाही.)

मग तुम्ही मुद्द्यावर आलात. अमलोडिपिन ज्या जातीचं दार अडवते त्या जातीची दारं बीटा पेशीतही आहेत, हे खरंच. कोणी ही गोळी भरमसाट खाल्ली तर साखर चढते, आणि अशा विषबाधेत डॉक्टर इन्सुलिनचे मोठे डोस देतात. पण नेहमीच्या पाच मिलिग्रॅमला तिचा जोर रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर पडतो. तिथला व्होल्टेज वेगळा, म्हणून तिथली दारं ती घट्ट धरते. साखरेवर म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

मी तरी एक फाटा फोडलाच. मंडळी हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेतात, त्या मीही घेतल्या तर? तेव्हा मात्र तुम्ही हसलात. पेशीच्या आत आहे त्याच्या दहा हजार पट कॅल्शियम बाहेर आधीच उभं आहे, म्हणालात. माल भरपूर आहे, प्रश्न दाराचा आहे.

पण खरे आभार पुढच्या प्रश्नासाठी. पिशवीची घडी घालता घालता तुम्ही सहज विचारलंत, "उपास करता का?" आषाढीला करतो, कडक. "आणि ग्लिमेपिराइड?" तीही घेतो, गोळी कशी चुकवायची! तुमचा चेहराच बदलला. ही गोळी पोटॅशियमचं दार स्वतःच बंद करते, साखर आली आहे की नाही याची वाट बघत नाही. आमच्या भाषेत, सेन्सर बायपास. पोटात अन्न नसलं तरी इन्सुलिन सुटतंच.

गेल्या आषाढीला ठाणे स्टेशनच्या पुलावर मला दरदरून घाम फुटला होता, हातपाय थरथरत होते. एका मुलाने लिमलेटच्या गोळ्या दिल्या, दहा मिनिटांत बरं वाटलं. मी आजवर ते उकाड्यावर ढकललं होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "काका, तो उकाडा नव्हता."

"मी डॉक्टर नाही, उद्याच्या उद्या त्यांच्याकडे जा आणि दोन्ही गोष्टी सांगा," असं बजावून पाठवलंत. गेलो. प्रेशर 168 वर 102. मला काडीचा त्रास जाणवत नव्हता, डोकंसुद्धा दुखत नव्हतं. अमलोडिपिन पुन्हा सुरू झाली, आणि उपासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. आषाढीला आता राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. विठोबाने अजून तक्रार केलेली नाही.

ती कागदी पिशवी मी रिपोर्टच्या फाइलला लावली आहे. सोबत तिचीच पक्की आकृती पाठवतोय, पट्टीने आखून, रिलेच्या चिन्हांत. काउंटरच्या काचेखाली ठेवा, पुढच्या काकाला उपयोगी पडेल. "ओपन" कुठल्या अर्थाने घ्यायचं ते वर लाल शाईने लिहिलंय.

तुमचे,
निळ्या पिशवीवाले काका