कुत्रा चावल्यावर नुसती लस पुरत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

भटक्या कुत्र्यांवरून वाचकपत्रांत दोन तट पडले आहेत. तो वाद चालू द्या. पण चावा बसल्यावर करायचं काय, हे त्यात कुणीच सांगत नाही. ‘इंजेक्शन घेतलं’ म्हटलं की घरचे निश्चिंत होतात. दात कातडीत घुसून रक्त आलं असेल, तर ही निश्चिंती जिवावर बेतू शकते.

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो, बहुधा स्नायूत काही काळ रेंगाळतो आणि मग मज्जातंतूत शिरून मेंदूकडे सरकतो. तंतूत गेलेल्या विषाणूला रक्तातली प्रतिपिंडं सहसा गाठू शकत नाहीत. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं पुरेशी तयार करायला 7 ते 14 दिवस लागतात. चेहरा, मान, बोटं इथे तंतूंचं जाळं दाट, आणि तोंडापासून मेंदू तर हाताच्या अंतरावर. लहान मुलांची उंचीच अशी, की चावा अनेकदा तोंडावरच बसतो. हे मधले दिवस निभावण्यासाठी तयार प्रतिपिंडं, म्हणजे सीरम, द्यावं लागतं.

आणि ते जखमेतच. दंडात टोचून रुग्णाला घरी पाठवणं म्हणजे चोर मागच्या दाराशी आणि पहारा पुढच्या. घोड्यापासून बनवलेल्या सीरमची मात्रा किलोमागे 40 युनिट, मानवी सीरमची 20. साठ किलोच्या माणसाला घोड्याचं 2400 युनिट, म्हणजे नेहमीच्या 300 युनिट प्रति मिली कुपीतून 8 मिली. बोटात एवढं मावत नाही. मावेल तेवढंच भरायचं, जोर लावला तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. उलट जखमा पुष्कळ असतील तर सलाइन मिसळून सगळ्यांत पुरवायचं, एकही सोडायची नाही. लसीच्या पहिल्या डोसला सात दिवस उलटले, की सीरमची वेळ गेली. आधी लसीचा पूर्ण कोर्स झालेल्यांना मात्र ते लागत नाही. 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस) आणि 3 या दिवशी लस पुरते.

सगळ्यात स्वस्त उपाय घरातच आहे: साबण आणि नळाचं वाहतं पाणी, घड्याळ लावून 15 मिनिटं. विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, साबणाने ते फुटतं. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांनी जखम फक्त चिघळते. टाके शक्यतो घालू नयेत. घालावेच लागले तर सीरमनंतर, आणि सैल.

पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली. आता कातडीत दोन्ही दंडांवर प्रत्येकी 0.1 मिली, 0, 3, 7 आणि 28 या दिवशी. स्नायूत घेतल्यास 14व्या दिवशीही एक. कमरेत घेऊ नये, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी हे खरं, पण तोवर लस थांबवून नाही. मांजर, माकड, मुंगूस चावलं तरी दवाखाना गाठावा.

लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. सीरमसाठी मात्र अनेकदा उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. पावसाळ्यात आपण धरणांचे साठे छापता. तसा कोणत्या रुग्णालयात सीरम शिल्लक आहे याचा तक्ता आठवड्यातून एकदा छापता येईल का?

आपले,
श्वानदंशाच्या रुग्णांवर उपचार करणारे दोन डॉक्टर