देशांच्या क्रमवारीचे तक्ते आणि विकासाची मोजणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थव्यवस्थेच्या आकारानुसार देशांची क्रमवारी लावणारे तक्ते वृत्तपत्रांत वारंवार छापले जातात आणि कोण कोणाच्या पुढे गेला, याची चर्चा त्यावरून रंगते. या तक्त्यांतून देशाच्या एकूण उत्पादनाचे मूल्य कळते. तेथील माणसाच्या वाट्याला काय आले हे त्यात कुठेच नसते, तरीही वाचक बहुधा तोच अर्थ काढतो. म्हणून अशा तक्त्यात दरडोई उत्पन्न, सरासरी आयुर्मान आणि शालेय शिक्षणाची वर्षे असे तीन रकाने तरी वाढवावेत, ही विनंती.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 साली अमेरिकी काँग्रेसपुढे ठेवलेल्या अहवालात, या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधणे कठीण आहे, असे बजावले होते. घानाने नोव्हेंबर 2010 मध्ये आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून हिशेब होतो ते वर्ष, बदलून हिशेब नव्याने मांडला, तेव्हा देशाची अर्थव्यवस्था सुमारे 60 टक्क्यांनी मोठी ठरली. लोकांचे जगणे मात्र आदल्या दिवशी होते तसेच होते. आयर्लंडचे सकल देशांतर्गत उत्पादन 2015 या एका वर्षात सुमारे एक चतुर्थांशाने वाढले, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तेथे हलवली होती. अखेर असे परिणाम वगळणारा वेगळा, सुधारित आकडा तेथील सांख्यिकी कार्यालयाला प्रसिद्ध करावा लागला.

दरडोई उत्पन्नाचा रकाना आला तरी तेवढ्याने भागत नाही, हे आफ्रिकेतील दोन देशांकडे पाहिले म्हणजे पटते. बोट्सवाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा त्या अवाढव्य प्रदेशात जेमतेम 12 किलोमीटर डांबरी रस्ता आणि 22 पदवीधर होते, असे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा साठा सापडला. तो प्रदेश राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीचा होता, तरीही भूगर्भातील संपत्तीवरचा हक्क कायद्याने जमातींकडून राष्ट्राकडे घेण्यात आला आणि हिऱ्यांचा पैसा रस्ते, शाळा व दवाखान्यांकडे वळवला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून 1994 साली बाहेर पडलेला हा पहिला देश. याउलट इक्वेटोरियल गिनीत 1990 च्या दशकात मोठ्या प्रमाणावर तेल सापडले आणि दरडोई उत्पन्न इतके चढले की पुढे काही वर्षे जागतिक बँकेने त्याची गणना उच्च उत्पन्न गटात केली. पण 1979 पासून एकाच व्यक्तीच्या हाती सत्ता असलेल्या या देशात तो पैसा बहुसंख्य लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. उत्पन्नाच्या रकान्यात श्रीमंत आणि आरोग्याच्या रकान्यात गरीब असा हा देश नुसत्या उत्पन्नाच्या क्रमवारीत कसा ओळखू येणार?

बोट्सवानाचे चित्रही निर्दोष नाही. तेथील विषमता जगातील सर्वाधिक विषमतांपैकी आहे, आणि 1990 च्या दशकात उत्पन्न वाढत असतानाच एचआयव्हीच्या साथीने सरासरी आयुर्मान खाली ओढले. 2002 पासून सरकारने मोफत औषधोपचार सुरू केल्यानंतर ते पुन्हा वर आले. उत्पन्न आणि आयुर्मान असे विरुद्ध दिशांना जाऊ शकतात, म्हणूनच दोन्ही शेजारी शेजारी दिसायला हवेत. दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या पाव भागाहूनही कमी असलेल्या कोस्टारिकातील माणूस सरासरीने अमेरिकी नागरिकापेक्षा अधिक जगतो, हेही असा रकाना असेल तरच दिसेल.

ही मोजणी नवी नाही. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने 1990 पासून प्रसिद्ध होणाऱ्या मानव विकास निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न यांचा एकत्र विचार होतो, तर 2010 पासून त्याची विषमता जमेस धरणारी आवृत्तीही उपलब्ध आहे. सरासरीच्या आड दडलेली दरी त्या दुसऱ्या आवृत्तीतच दिसते, त्यामुळे जागा कमी असेल तर माझी पसंती तिलाच राहील.

हे सर्व आकडे विनामूल्य मिळतात. ते देताना कोणत्या वर्षाचे आहेत आणि उत्पन्न बाजारातील विनिमय दराने मोजले आहे की क्रयशक्तीच्या (म्हणजे तेवढ्या पैशात तेथे किती वस्तू-सेवा मिळतात याच्या) आधारे, एवढी तळटीप मात्र अवश्य असावी. कारण गरीब देशांत सेवा स्वस्त असल्याने या दोन पद्धतींच्या उत्तरांत कित्येकदा दुपटीहून अधिक फरक पडतो.

आपला,
एक नियमित वाचक