टॅब माझा, पण वायरिंग तुमचं

नेरूळ, नवी मुंबई
दि. २ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: गाडीत टॅब बसवताना केलेलं सदोष वायरिंग आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

८ मार्चला तुमच्या वाशीच्या शाखेतून मी माझ्या गाडीत स्टिरिओच्या जागी टॅब बसवून घेतला. फ्रेम, चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर, चार्जर, वायरिंग आणि मजुरी मिळून बिल झालं १४,२०० रुपये. तेव्हापासून तीन फोन, एक ईमेल आणि शाखेत दोन खेपा झाल्या. शेवटी उत्तर एकच: "मॅडम, टॅब तुमचा स्वतःचा आहे, कस्टमरच्या वस्तूवर आपली वॉरंटी नसते." टॅबची वॉरंटी मी मागितलेलीच नाही. मी बोलतेय ते तुम्ही पैसे घेऊन केलेल्या कामाबद्दल.

गाडी २०१२ची. तिचा सीडी प्लेअर केव्हाच मुका झाला होता. मुलीच्या लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला सात इंची टॅब कपाटात पडून होता, तोच वापरावा असं ठरवलं. डबल डिनची, म्हणजे मोठ्या मापाच्या स्टिरिओची खाच १८० बाय १०० मिलिमीटरची, टॅब तिच्यापेक्षा थोडा मोठा, त्यामुळे पॅनल कापावं लागेल हे तुमच्या माणसानं आधीच सांगितलं होतं. तेही मी मान्य केलं. माझ्या अटी दोनच होत्या आणि दोन्ही जॉबकार्डवर त्याच्याच अक्षरात आहेत: टॅब काढता-घालता यावा, आणि चावी फिरवली की सिस्टिम चालू, चावी काढली की बंद.

पहिल्याच संध्याकाळी पाम बीच रोडला लागले आणि गाण्यामागून बारीक कूंऽऽ असा आवाज यायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज चढायचा, सिग्नलला थांबलं की उतरायचा. बाबा शेजारी बसले होते, नाट्यसंगीताचे पक्के. ते म्हणाले, "तंबोरा बरा लावलाय, पण सूर चुकलाय." फोनवर तुमच्याकडून कळलं की जुने स्पीकर असे करतातच.

१५ मार्चला, शनिवारी संध्याकाळी, गाडी लावली. सोमवारी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक्. वॉचमन आणि दूधवाला या दोघांनी धक्का मारला तेव्हा कुठे निघाले. तुमच्या शाखेनं निदान केलं, बॅटरी म्हातारी झाली. मी विश्वास ठेवून ४,६०० रुपयांची नवी बॅटरी टाकली. पाडव्याला सगळे नटूनथटून ठाण्याची स्वागतयात्रा बघायला निघालो, तर पुन्हा टक्. ही बॅटरी तर दोन आठवड्यांचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्टरमधल्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं चावी काढून माझ्या हातात दिली, गाडी लॉक केली आणि बॅटरीला मीटर लावला. काटा ०.९ अँपिअरवर. गाडी झोपलेली असताना हा आकडा काही मिलिअँपिअरच असायला हवा. मग त्यानं पॅनलमागे टेस्ट लॅम्प घातला. लाल वायर चावीवर चालते, पिवळी थेट बॅटरीवरून येते आणि चावी काढली तरी जिवंत असते. तुमच्या माणसानं चार्जरही पिवळीवर जोडलाय आणि ॲम्प्लिफायर चालू करणारी रिमोटची निळी वायरही पिवळीवरच. म्हणजे ॲम्प्लिफायर रात्रंदिवस जागा. ०.९ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास २२ अँपिअर-तास, आणि माझी बॅटरी ३५ची. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, हिशेब तुम्हीच करा. ती लाल वायर तिथेच, टेप गुंडाळून, बोटभर अंतरावर पडलेली आहे. फोटो जोडला आहे.

कूंऽऽचं मूळही त्यानं तिथेच दाखवलं. इंजिन चालू ठेवून चार्जरचा फ्यूज काढला, टॅब स्वतःच्या बॅटरीवर वाजू लागला आणि आवाज स्वच्छ. फ्यूज परत बसवला की कूंऽऽ हजर. चार्जरची आणि ॲम्प्लिफायरची अर्थिंग वेगवेगळ्या जागी दिल्यानं इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज गाण्यात शिरतो. मधे काही शे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे असा आवाज अडवणारा छोटा डबा लावला, की प्रश्न मिटतो म्हणे. स्पीकर म्हातारे नाहीत.

त्यानंतर दीड महिना मी गाडी लावली की ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढायचा आणि निघताना घालायचा, असं केलं. पर्समध्ये किल्ल्यांबरोबर एक फ्यूज. ऑफिसात सगळे हसतात.

चार्जरचा फ्यूज मात्र मी तसाच ठेवला, ही माझी चूक. उघड्यावर पार्क केलेल्या गाडीत मे महिन्यात टॅब तापणार, हेही मला माहीत होतं. म्हणूनच तर काढता-घालता येणारी फ्रेम मागितली होती, की रोज संध्याकाळी घरी नेता यावा. प्रत्यक्षात फ्रेमच्या चारही कडांना सिलिकॉन भरलाय. नखानं ओढून पाहिलं, पॅनल वाकतं, टॅब हलत नाही. भर उन्हात दिवसभर १०० टक्क्यांवर चार्ज होत राहिलेला टॅब १३ मेला फुगला. डाव्या बाजूनं स्क्रीन इतकी वर आली आहे की आत रुपयाचं नाणं सरकेल.

फुगलेली लिथियमची बॅटरी समोर चिकटवलेली ठेवून मी गाडी चालवणार नाही. वीस दिवस झाले, नेरूळ ते ठाणे ट्रान्स-हार्बर लोकलनं जाते-येते.

मॅपचा मुद्दा सोडून देते. "मॅपपण मस्त चालेल" असं तुमचा माणूस टॅब हातात घेऊन म्हणाला होता, पण नुसत्या वायफायच्या या टॅबला जीपीएसच नाही. ते मीही बघायला हवं होतं.

माझी मागणी अशी: फुगलेला टॅब जाणत्या माणसाकडून सुरक्षितपणे काढून द्या, कापलेलं पॅनल बदला, वायरिंग लाल वायरवर घेऊन नव्यानं करा आणि आयसोलेटर बसवा. हे जमत नसेल तर १४,२०० रुपये परत करा. नव्या बॅटरीचे ४,६०० रुपये दोन्ही बाबतींत हवेत, कारण ती तुमच्या सांगण्यावरून घेतली. टॅबची किंमत मागत नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते तिथेच दावा दाखल करता येतो, आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही.

जॉबकार्ड, बिल, बॅटरीची पावती आणि मीटरचा व्हिडिओ सोबत आहे. दोन्ही फ्यूज आता काढलेले आहेत, बाकी वायरिंगला कोणालाही हात लावू दिलेला नाही. बघायला माणूस पाठवणार असाल तर रविवारी सकाळी पाठवा, आणि येताना त्याला मीटर आणायला सांगा.

आपली,
एक ग्राहक