सहाच्या निम्मा तीन नसतो हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोयनेला धक्का बसला की दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात ठरलेल्या दोन ओळी, '3.3 रिश्टर तीव्रतेचा सौम्य धक्का, जीवितहानी नाही', बास. मग टपरीवर चहा पिता पिता कुणीतरी म्हणणारच, म्हणजे सदुसष्टच्या निम्मा झाला की! अहो 11 डिसेंबर 1967 चा 6.3 चा होता, आकड्यात फरक तीनचा दिसतो पण एक अंक वाढला की यंत्रावरचा हेलकावा दहा पट आणि ऊर्जा साधारण 32 पट होते, म्हणजे तीन अंकांना ऊर्जा झाली 32 हजार पट. हे मी किती जणांना सांगितलं पण पेपरात आल्याशिवाय कुणाला पटत नाही.

आणि ते 'तीव्रता' तर सोडाच आता. गणपतीत राजवाड्यावर डॉल्बी लागला की तिथं खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि गोडोलीत नुसतं धपधप ऐकू येतं, डॉल्बी तोच ना? तसा रिश्टरचा आकडा अख्ख्या भूकंपाचा, सगळ्यांना एकच, आणि तीव्रता म्हणजे तुमच्या दारात किती हादरलं ते, ती गावोगाव वेगळी.

आमची आई चौथी शिकलेली, पण जरा मोठा धक्का असला की मांडणीवरची भांडी किणकिणली रे किणकिणली की ही मोजायला लागते, एक, दोन, तीन... पाचाच्या आसपास पलंग हलतो. वेधशाळेत तरी दुसरं काय करतात, भूकंपाची वेगवान पी लाट आधी येते, ती भांडी किणकिणवते, हळू चालणारी एस लाट मागून, ती पलंग हलवते, मधल्या एकेका सेकंदाला साधारण 8 किलोमीटर अंतर धरायचं. साताऱ्याहून कोयनानगर सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, जमलं की नाही गणित! फक्त आईला दिशा कळत नाही, त्याला निदान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात, प्रत्येक ठिकाणाभोवती तिथून निघालेल्या अंतराएवढं वर्तुळ काढायचं, तिन्ही वर्तुळं जिथं एकमेकाला छेदतील तिथं केंद्र.

सदुसष्टला तर खुद्द धरणात बसवलेल्या यंत्रानं ती पहाट नोंदवून ठेवली, ती नोंद घेऊन जगभरचे इंजिनिअर अजून धरणांचा अभ्यास करतात, आणि आपल्याकडं निम्मा की पाऊण यावरच चर्चा.

तर आकड्याशेजारी केंद्र कुठं आणि किती खोल एवढं छापत जा, आणि तीव्रता हा शब्द तेवढा काढा. जागा नसेल तर शेजारची प्लॉटची जाहिरात बोटभर बारीक करा.

आपला एक जुना वाचक,
सातारा