ताई, तुमच्या प्रश्नवहीचे आभार

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे, कारण तुमचे आभार जिथे मानायला हवे होते तिथे ते नीट मानले गेले नाहीत. आपल्या त्या पहिल्या संशोधन-पेपरवर माझं नाव आहे, माझ्या मार्गदर्शकांचं आहे, निधी देणाऱ्यांचंही आहे. तुमच्या वाट्याला तळटीपेतले ‘लॅबमधील सहकार्याबद्दल आभार’ एवढेच शब्द आले. ती ओळ मीच लिहिली होती, आणि ती पुरेशी आहे असं मला तेव्हा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. तुमचं नाव इथेही लिहीत नाही, कारण विचारल्यावर तुम्ही नको म्हणालात. पण तुमच्या लॅबमध्ये ज्यांनी प्रयोगाचं एक जरी सत्र चालवलं आहे, ते चार ओळींत तुम्हाला ओळखतील.

पीएचडी संपवून दोन वर्षांच्या करारावर, तुम्ही चालवत असलेल्या लॅबमध्ये मी आले, तेव्हा माझ्याकडे एक अर्धवट पेपर होता आणि डोळ्यांसमोर जॉब मार्केटची तारीख. वर्तणूक अर्थशास्त्रात, म्हणजे माणसं पैशांचे निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात हे तपासणाऱ्या शाखेत, नव्याने आलेल्या कुणाचंही आयुष्य असंच असतं. दोन वर्षांतलं पहिलं वर्ष प्रयोग रचण्यात, नैतिकता समितीची परवानगी मिळवण्यात आणि निधीच्या अर्जांत जातं, आणि दुसऱ्या वर्षी पुढच्या नोकरीचे अर्ज भरायचे असतात. मधल्या वेळात डेटा ‘निघायला’ हवा. या निघण्याची भीती माझ्या प्रत्येक निर्णयात होती. ती तुमच्याइतकी स्पष्ट कुणालाच दिसली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सात नंबरच्या खुर्चीवर बसवलंत. “प्रयोग चालवायच्या आधी एकदा सहभागी हो,” म्हणालात. सूचना मीच लिहिलेल्या होत्या, तरी तिसऱ्या पानावर मी अडखळले. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त वहीत काहीतरी टिपलंत. त्या वहीत काय असतं हे मला कळायला आणखी आठ महिने गेले.

लॅब चालवणं म्हणजे काय, हे मी तुमच्याकडे बघून शिकले. प्रत्येक सत्रात सूचना त्याच आवाजात, त्याच वेगाने वाचायच्या, कारण वाचणाऱ्याचा सूर बदलला तर तोही प्रयोगाचा भाग होऊन बसतो. जास्तीचे लोक आले तर त्यांना यायचे पैसे देऊन, मान राखून परत पाठवायचं. प्रत्येकाचं मानधन बंद पाकिटात, एकेकट्याला द्यायचं, म्हणजे कुणी किती कमावलं हे शेजारच्याला कळत नाही. माझ्या प्रबंधात ‘प्रयोग पार पाडला’ असं एक वाक्य होतं. त्या एका वाक्यात तुमचं इतकं सगळं काम मावलेलं आहे हे मला माहीत नव्हतं.

एकदा मी तुमच्याशी वाद घातला, तो अजून आठवतो. प्रयोगातल्या एका खेळात पलीकडे माणूस आहे असं सांगून प्रत्यक्षात संगणक खेळवायचा, म्हणजे निम्म्या सहभागींमध्ये काम भागेल, असा माझा बेत होता. तुम्ही शांतपणे नाही म्हणालात. प्रायोगिक अर्थशास्त्रात सहभागींशी खोटं बोलायचं नाही हा नियम मला पाठ होता, पण तो का आहे हे तुम्ही सांगितलंत: “आज तू खोटं बोललीस तर उद्या इथे येणारा माणूस प्रत्येक सूचनेकडे संशयाने बघेल. मग तो खेळाला उत्तर देणार नाही, आपल्या संशयाला देईल.” विश्वास ही लॅबची सामायिक मालमत्ता आहे आणि ती मी माझ्या एका पेपरसाठी खर्च करायला निघाले होते. तुम्ही ती राखलीत.

आता त्या प्रयोगाबद्दल. चार्ल्स होल्ट आणि सुसान लॉरी यांनी २००२ मध्ये मांडलेली दहा ओळींची यादी आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक ओळीत दोन लॉटऱ्या, एक बेताची आणि एक जोखमीची. एकेक ओळ खाली जावं तशी मोठ्या बक्षिसाची शक्यता एकदशांशाने वाढते. दहाव्या ओळीत ती पूर्ण शंभर टक्के होते. माणूस वरच्या ओळींत बेताची निवडतो आणि कुठेतरी एकदा जोखमीच्या बाजूला वळतो. कुठे वळतो त्यावरून त्याची जोखमीची वृत्ती मोजायची. काही जण मात्र एकदा नाही, तीन-चारदा इकडून तिकडे उड्या मारतात. त्यांना आम्ही ‘असंगत’ म्हणतो आणि बरेचदा विश्लेषणातून वगळतो.

मी त्यांना वगळलं नव्हतं. माझा पेपर त्यांच्यावरच उभा होता. वेळेचं दडपण आणलं की असंगत निवडी वाढतात, असं माझ्या डेटात दिसत होतं. दडपणाखाली माणसाचा विवेक ढळतो ही गोष्ट सांगायला सोपी होती. सेमिनारमध्ये लोक माना डोलावत होते. मी मसुदा पाठवायच्या तयारीत होते.

त्या संध्याकाळी तुम्ही वही घेऊन माझ्या टेबलाशी आलात. प्रत्येक सत्रात कुणी हात वर करून काय विचारलं हे तुम्ही तारीख-वार लिहून ठेवलं होतं. माझ्या सत्रांच्या पानांवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत होता: पैसे दहाही ओळींचे मिळणार, की एकाच? उत्तर ‘एकाच, आणि ती चिठ्ठी काढून ठरणार’ असं होतं, आणि ते माझ्या सूचनांच्या तिसऱ्या पानावर, एका लांबलचक वाक्याच्या शेवटी होतं. मी स्वतः जिथे अडखळले होते, अगदी तिथेच. वेळेचं दडपण असलेल्या गटाला ते पान वाचायला कमी वेळ मिळत होता.

तुम्ही म्हणालात, “दहाही ओळींचे पैसे मिळणार असं ज्याला वाटतंय, त्याने थोडं इथे, थोडं तिथे ठेवलं तर त्यात चूक काय? सगळं एकाच टोपलीत कोण ठेवेल?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांना मी गोंधळलेले म्हणत होते, ते त्यांना समजलेल्या प्रश्नाला विचारपूर्वक उत्तर देत होते. प्रश्न मीच धड विचारला नव्हता. माणसं चुकतात हे दाखवणाऱ्या विद्येत मी मोठ्या उत्साहाने आले होते, आणि समोरच्याला माझं म्हणणं कळलं आहे का हे तपासायचंच राहिलं होतं.

हा धोका फक्त माझ्यासारख्या नवख्यांना असतो असंही नाही. कानेमन, नेट्श आणि थेलर यांचा १९९० चा कॉफीच्या मगांचा प्रयोग आम्हा सगळ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात: कॉफीचा मग हातात आल्यावर तो विकायला माणूस जी किंमत मागतो, ती विकत घेणारा द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट असते. २००५ मध्ये प्लॉट आणि झाइलर यांनी सहभागींना पद्धत नीट समजावून, सराव देऊन, निवडी निनावी ठेवून तोच प्रयोग केला तेव्हा मगांच्या किमतीतली ती तफावत दिसेनाशी झाली. २०११ मध्ये इसोनी, लूम्स आणि सग्डन यांनी दाखवलं की तीच पद्धत लॉटऱ्यांना लावली तर तफावत टिकून राहते. हा वाद मी परीक्षेसाठी वाचला होता. तुमच्या वहीमुळे तो माझ्या टेबलावर येऊन बसला.

मग आपण दोघींनी सूचना पुन्हा लिहिल्या. तिसऱ्या पानावरचं वाक्य पहिल्या पानावर, स्वतंत्र ओळीत आणलं. समजलं का हे बघायला छोटे प्रश्न घातले आणि उत्तर बरोबर येईपर्यंत पुढे जायचं नाही असं ठेवलं. चिठ्ठी प्रत्यक्ष काढून दाखवायची ही कल्पना तुमची. नव्या सत्रांत असंगत निवडी कमी झाल्या आणि दोन गटांमधला माझा तो सुंदर फरक जवळपास विरघळला.

तेव्हा मी तुम्हाला काय विचारलं हे मी विसरलेले नाही. अजून वीस जण घेऊन बघूया का, कदाचित फरक दिसेल. तुम्ही विचारलंत, “किती जणांवर थांबायचं हे आधी लिहून ठेवलंय ना?” लिहिलं होतं. प्रयोगाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवायलाही तुम्हीच लावलं होतं. डेटा बघत बघत माणसं वाढवत गेलं आणि हवा तो आकडा आला की थांबलं, तर नसलेला परिणामही कधीतरी ‘दिसतोच’, हे २०११ पासून आमच्याकडे उघडपणे लिहिलं-बोललं जातं. मला ते माहीत होतं. करार संपायला पाच महिने उरले की माहीत असलेलंही मागे पडतं. त्या क्षणी कुणीतरी साधा प्रश्न विचारायला जवळ असावं लागतं, आणि तुम्ही होतात.

निधीचं गणितही त्याच आठवड्यात तुम्ही माझ्याकडून पुन्हा करून घेतलंत. दोन गटांतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (माणसामाणसांत एरवी जितका फरक असतो, त्या मापाच्या निम्मा) असेल, तर तो पकडण्याची ८० टक्के शक्यता असायला प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. फरक त्याच्या निम्मा असेल तर माणसं जवळपास चौपट, २५० च्या आसपास. माझ्याकडे पहिल्या आकड्याचे पैसे होते आणि खरा फरक, असलाच, तर दुसऱ्या आकड्याच्या जातीचा होता. ‘मग ते तसं लिही’ एवढंच तुम्ही म्हणालात.

मी तसं लिहिलं. पेपरचा विषय बदलला: सूचना कशा मांडल्या यावर ‘असंगत’ किती जण ठरतात. दोन जर्नलांनी नाकारला. पेपर तपासणाऱ्या एका रेफरीने लिहिलं की यात निष्कर्षच नाही. त्या दिवसांत तुम्ही मला एका अभ्यासाची छापील प्रत दिली होती, ती अजून माझ्याकडे आहे. डेलाविन्या आणि लिनोस यांचा २०२२ चा तो पेपर. नियतकालिकांत छापून आलेल्या ‘नज’ प्रयोगांत, म्हणजे सक्ती न करता लोकांना हलकेच एखाद्या निवडीकडे वळवण्याच्या प्रयोगांत, सरासरी परिणाम ८.७ टक्के बिंदूंचा होता, आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या नज युनिट्सच्या (असे प्रयोग करणाऱ्या चमूंच्या) १२६ प्रयोगांत, २.३ कोटी लोकांवर, तो १.४ टक्के बिंदूंचा निघाला. या दरीचं मोठं कारण, ज्यांचा फरक दिसला नाही ते अभ्यास छापलेच जात नाहीत, हे आहे. समासात तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं: “तुझा अभ्यास या हिशेबात धरला गेला पाहिजे.” तिसऱ्या जर्नलला पाठवण्याचं बळ मला त्या ओळीने दिलं. तिथे तो स्वीकारला गेला.

नोकरीच्या मुलाखतींत मला याच पेपरबद्दल सगळ्यात जास्त विचारलं. एका ठिकाणी कुणीतरी म्हणालं, सहभागींचे प्रश्न नोंदवून ठेवायची कल्पना चांगली आहे. ती माझी नाही, असं मी सांगितलं. मग तुमच्याबद्दल दहा मिनिटं बोलले, आणि मुलाखतीचा वेळ संपला. ती नोकरी मिळाली नाही. त्या दहा मिनिटांचं मला वाईट वाटत नाही. पुढची मिळाली.

ताई, आता माझी स्वतःची छोटी लॅब आहे. बारा खुर्च्या, जुने संगणक, एक विद्यार्थिनी. येत्या सोमवारी तिचं पहिलं सत्र आहे. काल मी तिला सात नंबरच्या खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या पानावर ती थबकली. मी वही उघडून पानाच्या डोक्यावर तारीख घातली आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला. नव्या पेपरच्या तळटीपेचा मसुदा सोबत पाठवते आहे. यात तुमचं नाव, तुमचं पद आणि वहीचा उल्लेख आहे. या वेळी नको म्हणू नका.

तुमची,
सात नंबरची