गुडघेदुखीच्या पेशंटला वजनाबद्दल सांगा

मा. संपादक,
आईचे गुडघे 4 वर्षं दुखतायत, जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरायची बिचारी, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुडघ्यावर चढवायचा पट्टा (नी कॅप) दिला, पण वजनावर कोणी नीट बोललंच नाही. मग एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं, 1 किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने कमी होतो. म्हणजे 5 किलोला 20, तेही दर पावलाला! शिवाय चरबी नुसतं ओझं नसते, तिच्यातून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात, म्हणून तर लठ्ठ माणसांची हाताची बोटंसुद्धा जास्त दुखतात.

आईने रात्रीचा भात, चहातली साखर सोडली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम रोज करते. 8 महिन्यांत 82 वरून 76. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गादी, काही परत येत नाही हे मान्य, पण दुखणं खूप कमी झालंय, आता भाजी आणायला एकटी उतरते. उपाशी राहून झटपट वजन उतरवू नका, मांडीचे स्नायू पण जातात आणि गुडघ्याला आधार त्यांचाच असतो. डॉक्टरांना कळकळीची विनंती, गोळी लिहिताना 2 मिनिटं हे पण सांगा.
- एक वाचक, सांगली