बाई, तुम्ही आमच्या पोरीला आठवीत पोचवलंत

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा शाळेत गेल्यावर कळलं. लेक आठवी पास झाली म्हणून पेढे घेऊन आले होते, ते तसेच परत आणले. समोर बसून बोलायचं होतं ते आता इथं लिहितेय. आपल्या भागातल्या चार आयाबायांनी आणि शिक्षकांनीही वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या थोरल्याची गोष्ट तुम्ही आपल्या शाळेत येण्याआधीची. २०१९ च्या जूनमध्ये तो सातवी करून कोल्हापुरातल्या हायस्कूलला गेला. इथं वर्गात पहिला-दुसरा येणारा पोरगा तिथं साठ मुलांत शेवटच्या बाकावर जाऊन बसला. ऑगस्टमध्ये महापूर आला, गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली गेला आणि तो दोन आठवडे घरात अडकला. परत गेला तेव्हा गणिताचे धडे पुढं सरकलेले, चाचणीही होऊन गेलेली. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही. आम्ही म्हणत राहिलो, रुळेल हळूहळू. दिवाळीनंतर रोज सकाळी त्याच्या पोटात दुखायचं आणि एसटी निघून गेली की थांबायचं. पुढं कोरोनात शाळाच बंद पडली. दहावी कशीबशी झाली. ते वर्ष मनातून जात नाही, म्हणून धाकटीसाठी तुम्ही काय केलंत ते मला नीट कळतं.

सातवीच्या फेब्रुवारीत तुम्ही पालकांना बोलावलंत आणि आधी दाखल्याचं काम काढलंत. आधार कार्ड आणि शाळेचं जनरल रजिस्टर शेजारी ठेवून एकेका पोराचं नाव, जन्मतारीख, जात तपासलीत. आमच्या पोरीच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं. पोरगी शाळेत आहे तोवरच हे सरळ होतं, दाखला निघाल्यावर खेटे घालावे लागतात, असं तुम्ही सांगितलंत आणि आठवड्यात दुरुस्ती करून दिलीत. पुढं एका शाळेच्या ऑफिसात आम्हाला सांगितलं, दाखला आणल्याशिवाय प्रवेशाचं बोलू नका. आमचा तर निकालही लागला नव्हता. तुम्ही कागदावर लिहून दिलंत: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तो कागद पुढं केल्यावर बोलणंच बदललं. आमच्यासारख्या माणसाला ऑफिसच्या खिडकीपाशी आवाज चढवता येत नाही, बाई. तो कागद आमच्या वतीनं बोलला.

मार्चमधल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही चौदा पोरांना लाल एसटीनं रंकाळा स्टँडला नेलंत. कुठली गाडी कुठं लागते, शेवटची किती वाजता, चुकली तर कुणाला फोन करायचा, हे सगळं तिथं उभं राहून दाखवलंत. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, पण हातात पडेपर्यंत तिकिटाचे पैसे जवळ ठेवा, आणि तो पास केएमटीला, म्हणजे शहरातल्या बसला, चालत नाही, हेही सांगितलंत. मग चालत दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी. महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आम्ही सगळेच ऐकत आलोय. तुम्ही पोरांना बोर्डिंगांविषयी सांगितलंत. १९०१ पासून महाराजांनी वसतिगृहं का काढली, तर खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं की राहणार कुठं, जेवणार काय, म्हणून. लेक घरी येऊन म्हणाली, "आई, आमच्यासारख्यांचा तेव्हाच विचार केला होता." तेव्हापासून कोल्हापूर तिला परकं वाटलं नाही.

आणि ती वही! हायस्कूलला सेमी आहे, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. शंभर पानी वहीत तुम्ही पोरांकडून दोन रकाने भरून घेतलेत. लसावि म्हणजे एलसीएम, मसावि म्हणजे एचसीएफ, काटकोन म्हणजे राइट अँगल, प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस. रोज पाच शब्द. पहिल्याच आठवड्यात सरांनी एचसीएफ काढायला सांगितला आणि आमच्या पोरीनं हात वर केला. संध्याकाळी एसटीतून उतरल्या उतरल्या तिनं मला हेच सांगितलं.

आपल्या शाळेत सगळे विषय एकाच बाई शिकवतात, हायस्कूलला तासागणिक शिक्षक बदलतात. म्हणून शेवटच्या महिन्यात तुम्ही वर्गात वेळापत्रक लावलंत, घंटा दिली की दुसरे गुरुजी यायचे. तेव्हा मला वाटलं होतं, हे कशाला? जूनमध्ये समजलं. तिनं नवं वेळापत्रक कणकेच्या खळीनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि रात्री त्याबरहुकूम दप्तर भरायला लागली. मी एकदाही सांगितलं नाही.

यातलं बरंचसं कदाचित दुसऱ्या कुणी केलंही असतं. पण दाखला दिल्यावर तुमचं काम कागदोपत्री संपलं होतं, तरी जूनमध्ये तुम्ही हायस्कूलच्या वर्गशिक्षिकांना फोन केलात. ही मुलगी पाण्यापलीकडून येते, पूर आला की दिसणार नाही, तेव्हा तिला विसरू नका, असं तुम्ही म्हणालात. त्यांनीच मला नंतर सांगितलं. २०२४ च्या जुलैअखेर पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांवर गेली, रस्ता बंद झाला. पण या वेळी तिसऱ्या दिवशी फोन वाजला. रोजच्या फळ्याचे फोटो येत राहिले आणि राहिलेली चाचणी तिला परत देऊ दिली. फोनवर त्या वर्गशिक्षिकांचा आवाज ऐकून मी चुलीपाशीच रडले. थोरला दारात उभा होता. तो काही बोलला नाही, आपला मोबाईल तिच्या हातात दिला आणि चार्जर शोधायला गेला.

बाई, तुमचे उपकार मानायला माझ्याकडं एवढेच शब्द आहेत. तुमच्या नव्या शाळेचं गाव कळवा, आम्ही दोघी पेढे घेऊन येतो. त्या वहीची झेरॉक्स काढून यंदा सातवी झालेल्या गावातल्या पोरांना वाटलीय. मूळ वही मात्र लेक कुणाला देत नाही, पहिल्या पानावर तुमची सही आहे.

तुमच्या विद्यार्थिनीची आई